सामानाची बोली: ऐकायची कशी, वापरायची कधी

कुठल्याही नव्या छंदात नाहीतर कामात शिरलं की हत्यारं नंतर अडवतात, आधी अडवतं ते हत्यारांबद्दलचं बोलणं. समोरचा म्हणतो "बारा-तेरा दे, आटे गेलेत बहुतेक, थोडं डब्ल्यूडी मार आणि पाच मिनिटं सोड" आणि आपण पेटीकडे बघत उभे. कॅमेरावाल्यांत जाऊन बसलात तर "बॉडी कुठलीही घे रे, पैसे ग्लासमध्ये टाक". सायकलवाले, हॅम रेडिओवाले (छंद म्हणून वायरलेसवर बोलणारे), साऊंडवाले, टेलिस्कोपवाले, सगळ्यांची आपापली बोली.

शब्दांची यादी पाठ करायच्या भानगडीत पडू नका, कारण एकच शब्द दोन धंद्यांत दोन अर्थांनी चालतो आणि यादीवाला माणूस नेमका तिथेच आपटतो. त्यापेक्षा एक साधी सवय लावून घ्या. अनोळखी शब्द कानावर पडला की लगेच अर्थ विचारू नका, आधी तो ऐकून दुसऱ्या माणसाचा हात कुठे जातो ते बघा. हात पेटीकडे गेला तर ते कुठल्यातरी हत्याराचं नाव आहे. हात स्विचकडे गेला किंवा माणूस दोन पावलं मागे सरकला तर तो इशारा आहे. हात जागचा हललाच नाही आणि सगळे नुसते हसले तर कुणाचीतरी खेचली गेलीय, बहुतेक तुमचीच. शिकायचा क्रमही त्यावरूनच ठरतो: आधी आकडे, मग इशारे, मग विकणाऱ्यांची भाषा, टोमणे सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, टोमणे पहिले शिकतात कारण ते मजेशीर असतात.

आकडे

सगळ्यात जास्त घोळ इथे. "दहाचा बोल्ट" हे घ्या. गॅरेजमधला माणूस बोल्ट डोक्यावरून ओळखतो, म्हणजे ज्याला 10 चा पाना लागतो तो दहाचा. तो बोल्ट बहुतेक वेळा असतो एम 6, म्हणजे आट्यांचा व्यास 6 मिमी. आता तोच शब्द घेऊन तुम्ही हार्डवेअरच्या काउंटरवर गेलात की तिथला माणूस आट्यांच्या मापाने विचार करतो आणि सरळ एम 10 काढून देतो, ज्याच्या डोक्याला 16 चा नाहीतर 17 चा पाना लागतो. दोघांचंही बरोबर, फक्त बोल्ट बसत नाही. म्हणून विचारायचं कसं तर "पाना दहाचा की आटे दहाचे?" एवढं विचारलंत की समोरच्याला कळतं की पोरगं अगदीच कोरं नाही. एम 8 ला 13 चा पाना, एम 12 ला 18 किंवा 19 चा, एवढ्या दोन-तीन जोड्या डोक्यात राहिल्या तरी निम्मं गॅरेज समजायला लागतं. आणि "बारा-तेरा" किंवा "दहा-अकरा" म्हणजे एकच दोन तोंडांचा पाना, एका बाजूला 12 आणि दुसऱ्या बाजूला 13. दोन पाने काढून देऊ नका.

लेथवर याहून बारीक खेळ असतो. "थाऊ" म्हणजे इंचाचा हजारावा भाग, 25.4 मायक्रॉन, माणसाचा केस ढोबळमानाने दोन-चार थाऊ जाड असतो म्हणा. इथपर्यंत ठीक. पण मशीनिस्ट जेव्हा "टेन्थ" म्हणतो तेव्हा तो इंचाचा दहावा भाग म्हणत नसतो, थाऊचा दहावा म्हणत असतो, म्हणजे अडीच मायक्रॉनच्या आसपास. "अजून दोन टेन्थ काढ" ऐकून कुणी इंचाच्या हिशोबाने हँडल फिरवलं तर जॉब बाद, आणि टूलही जाऊ शकतं. तीच गत "मिल"ची. सर्किट बोर्ड बनवणारे मिल म्हणतात ते थाऊच, म्हणजे "10 मिलचा ट्रॅक" पाव मिलिमीटरचा. आणि बाकी जगात अर्धे लोक मिलिमीटरलाच लाडाने मिल म्हणतात. जवळपास 40 पट फरक, शब्द तोच. सुताराच्या आणि फॅब्रिकेशनवाल्याच्या तोंडी "सूत" येतं, ते इंचाचा आठवा भाग, म्हणजे चार सूत झालं की अर्धा इंच, त्यात गडबड नाही.

गेज उलटा चालतो हे एकदा पक्कं करून टाका. वायर असो की पत्रा, आकडा वाढला की माल बारीक. "चौदा नको, दहा दे" म्हणजे जाड दे.

फोटोवाल्यांचा "फास्ट" शब्दही असाच फसवा. लेन्स फास्ट म्हणजे ती पटकन फोकस करते असं नवीन माणसाला वाटतं, पण ते म्हणत असतात उजेडाबद्दल. एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं, उजेड जास्त, म्हणून शटर फास्ट ठेवता येतं. "निफ्टी फिफ्टी" म्हणतात ती 50 मिमी एफ 1.8 लेन्स, कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सच्या एफ 3.5 पेक्षा ती जवळजवळ चौपट उजेड आत घेते, आणि किंमतही आवाक्यातली असते, म्हणून हे लाडाचं नाव. "होली ट्रिनिटी" म्हणजे एफ 2.8 वाल्या तीन झूम, 16-35, 24-70 आणि 70-200. हे तीन आकडे लोक आडनावासारखे वापरतात, "सत्तर-दोनशे आणलीस का" असं.

आकड्याचंच नाव होणं सगळीकडे आहे तसं. साऊंडवाला "एक अठ्ठावन्न दे" म्हणाला तर त्याला गाण्याचा माईक हवाय, शुअरचा एसएम 58, जो 1966 पासून चालू आहे. "सत्तावन्न" त्याचा भाऊ, वाद्यांसाठी. शूटिंगच्या सेटवर "रेडहेड" म्हणजे 800 वॅटचा दिवा आणि "ब्लाँड" 2000 वॅटचा. लाकडी खोके असतात त्यांना "अॅपल बॉक्स", पूर्ण खोकं 8 इंच जाड, हाफ 4, क्वार्टर 2 आणि सगळ्यात चपटं 1 इंचाचं ते "पॅनकेक". खोकं उभं ठेवायचं असेल तर "न्यूयॉर्क", आडवं सपाट ठेवायचं असेल तर "एलए". कपड्यांचा लाकडी चिमटा तिथे "सी 47" होतो. यात शहाणपण वगैरे शोधू नका, आठवडाभर सेटवर काढला की आपोआप तोंडात बसतं.

इशारे

इथे मात्र हसण्यावारी नेऊ नका. सेटवर कुणी "स्ट्रायकिंग" ओरडलं की दिवा पेटणार आहे, डोळे फिरवा. "पॉइंट्स" ओरडलं की कुणीतरी टोकदार किंवा लांब काहीतरी घेऊन मागून येतंय, बाजूला व्हा. "हॉट सेट" लिहिलं असेल तर टेबलावरचा कपसुद्धा हलवायचा नाही, कारण पुढचा शॉट त्याच मांडणीवर जुळवायचा असतो.

इलेक्ट्रिकच्या कामात "डेड" हा शब्द फार स्वस्त झालाय. "लाइन डेड आहे रे, घाल हात" असं जो म्हणतो त्याला विचारायचं, चेक केलीस का आणि कशाने. नीट काम करणारा आधी मीटर चालू लाइनवर लावून बघतो, मग बंद केलेल्या लाइनवर, आणि पुन्हा एकदा चालू लाइनवर. शेवटचं का, तर मधल्या वेळात मीटरच मेला असेल तर तो सगळंच डेड दाखवेल. "मेगर मारणे" म्हणजे इन्सुलेशन तपासणं, आणि घरगुती लाइनसाठी तो मेगर साधारण 500 व्होल्ट सोडतो, त्यामुळे "मेगर मारतोय" ऐकलं की लाइनला जोडलेली नाजूक उपकरणं आधी काढून घ्यायची. साऊंडमध्ये "48 टाक" म्हणजे कंडेन्सर माईकला 48 व्होल्टचा फँटम पुरवठा दे. चॅनल म्यूट करून मगच बटण दाबा, नाहीतर स्पीकरमधून असा ठो आवाज येतो की हॉलमधले सगळे वळून बघतात, आणि जुन्या रिबन माईकला तर फँटम द्यायचा की नाही ते मालकाला विचारल्याशिवाय हात लावू नका.

घट्टपणाची बोली सगळ्यात गमतीची आणि सगळ्यात महागात जाणारी. इम्पॅक्ट रेंच चालताना जो आवाज येतो त्यावरून मेकॅनिकांनी "अग्गा-डग्गा" असं एकक काढलंय, "दोन अग्गा-डग्गा दे, बास झालं". "गुडनटाइट" म्हणजे मनाला समाधान वाटेपर्यंत आवळणे. आणि सगळीकडे चालणारा इशारा, टाइटच्या पुढे थेट लूज येतं, म्हणजे जास्त आवळलंत की आटे जातात. चाकाच्या नटाला जे खपतं ते सायकलच्या कार्बन सीटपोस्टला खपत नाही, तिथे क्लॅम्पवर 5 न्यूटन मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) वगैरे छापलेलं असतं आणि ते खरंच तेवढंच असतं. साधा एम 6 चा 8.8 ग्रेडचा बोल्ट 10 न्यूटन मीटरच्या आसपास थांबतो. "हँडटाइट" म्हटलं की पाना लावायचाच नाही, नुसत्या हाताने. तर नियम असा धरा की मोठ्या लोखंडावर बोली चालेल, अॅल्युमिनियम, कार्बन आणि प्लास्टिकवर टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना.

गिर्यारोहणवाल्यांचे दोन शब्द पाठच करा. "बॉम्बर" म्हणजे अँकर एकदम पक्का, लटका बिनधास्त. "सायकॉलॉजिकल" म्हणजे लावलेलं सामान फक्त मनाला धीर द्यायला आहे, पडलात तर ते धरणार नाही. वर गेलेला माणूस हसत हसत "सायकॉलॉजिकल आहे हे" म्हणाला तरी खाली रोप धरणाऱ्याने ते गंभीरपणेच घ्यायचं.

विकणाऱ्यांची भाषा

सेकंडहँड सामान घेणाऱ्याने हा भाग दोनदा वाचा. इथे प्रत्येक शब्द एवढ्या काळजीने निवडलेला असतो की खोटं तर बोललं जात नाही पण खरंही सांगितलं जात नाही.

"अनटेस्टेड" हा पहिला. ज्या वस्तूला लावायला फक्त दोन सेल लागतात ती कुणी टेस्ट न करता विकायला काढेल का, राव? बहुतेक वेळा टेस्ट झालेली असते आणि निकाल माहीत असतो. "छोटंसं काम आहे, सहज होईल" म्हटलं की उलट प्रश्न, सहज होतं तर केलं का नाही? "पॉवर ऑन होतं" म्हणजे लाइट लागतो, बस्स, त्यापुढे काही सांगितलेलं नाही. "फॉर पार्ट्स" हे त्यातल्या त्यात प्रामाणिक. "मिंट" या शब्दाची तर पार वाट लागलीय, नवीनसारखं असा त्याचा अर्थ असायचा, आता फक्त पुसून फोटो काढलाय एवढाच उरलाय. मिंटला "वयाच्या मानाने" असं जोडलं असेल तर ते मिंट नाहीच.

लेन्समध्ये "थोडी हेझ" आणि "क्लीनिंग मार्क्स" लिहिलेलं असतं, हेझ म्हणजे आत धुरकटपणा आणि क्लीनिंग मार्क्स म्हणजे कुणीतरी शर्टाच्या टोकाने काच घासलीय. "फंगस" असेल तर काचेवर कोळिष्टकासारखे फाटे दिसतात आणि जुनी असेल तर ती कोटिंग खाऊन टाकते, मग साफ केली तरी डाग राहतो. बघायचं कसं, तर लेन्सच्या दोन्ही कॅप काढायच्या, छिद्र पूर्ण उघडायचं, मोबाईलचा टॉर्च एका बाजूने तिरका मारायचा आणि दुसऱ्या बाजूने बघायचं. सरळ उजेडात काहीच दिसत नाही, तिरक्या उजेडात सगळं दिसतं. विकणारा टॉर्च मारू देत नसेल तर उत्तर मिळालं. कॅमेऱ्यात "शटर काउंट" विचारा, डीएसएलआरच्या शटरचा भरवसा कंपन्या साधारण 1 ते 1.5 लाख क्लिकचा धरतात, काही महागड्या बॉडींचा जास्त. "सीएलए झालेला" म्हणजे साफसफाई, तेलपाणी आणि जुळवणी करून घेतलीय. ती केव्हा केली आणि पावती आहे का तेही लगेच विचारा, कारण काही जण नुसतं वरून पुसून सीएलए म्हणतात.

घड्याळवाल्यांत "फ्रँकन" म्हणजे पाच घड्याळांचे भाग जोडून उभं केलेलं एक घड्याळ, "रीडायल" म्हणजे डायल नव्याने रंगवलेली. दोन्ही वेळ बरोबर दाखवतील, पण संग्राहकाच्या हिशोबात भाव पडतो. गिटारमध्ये "प्लेयर्स ग्रेड" हा शब्द मला फार आवडतो, त्याचा अर्थ दिसायला घासलेली, टवके उडालेली, पण वाजायला झकास. वाजवायचीच असेल तर हीच घ्या. "रेलिक" मात्र वेगळं प्रकरण, ती नवी गिटार मुद्दाम घासून जुनी दिसेल अशी बनवलेली असते आणि त्याचे जास्तीचे पैसे घेतात, लोक देतातही.

हॅम रेडिओत "बोट अँकर" म्हणून काही विकायला असेल तर तो जुना, व्हॉल्व्हवाला (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबचा), उचलताना कंबर धरेल असा सेट. प्रेमाने ठेवलेलं नाव आहे. पण जुन्या व्हॉल्व्ह सेटमध्ये शेकडो व्होल्ट असतात आणि कपॅसिटर वायर काढल्यावरही भरलेले राहतात, त्यामुळे आणल्या आणल्या प्लगमध्ये घालू नका. दुरुस्त केलेली वस्तू पहिल्यांदा चालू करणं म्हणजे "स्मोक टेस्ट", आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या मते प्रत्येक चिपच्या आत "मॅजिक स्मोक" भरलेला असतो, तो बाहेर आला की चिप चालायची थांबते. विकणारा म्हणाला "थोडा स्मोक बाहेर आलाय" तर हसा आणि पुढे चला.

टोमणे

सामान घेण्याचा आजार सगळ्या छंदांत आहे, फक्त नाव वेगळं. "गॅस" (गिटार अॅक्विझिशन सिंड्रोम) हा शब्द गिटारवाल्यांकडून आला, 1990 च्या दशकात वॉल्टर बेकर या गिटारिस्टने एका मासिकात गिटार गोळा करण्याच्या रोगाला हे नाव दिलं, त्यातला गिटार जाऊन पुढे गिअर आला आणि फोटोवाल्यांनीही तो उचलला. टेलिस्कोपवाल्यांत त्यालाच "अॅपर्चर फीव्हर" म्हणतात, आणि त्याला थोडं कारणही आहे, व्यास दुप्पट केला की उजेड चौपट जमा होतो, म्हणून 100 मिमीवाल्याला 200 मिमीची स्वप्नं पडतात. असा मोठा, साध्या स्टँडवरचा टेलिस्कोप म्हणजे "लाइट बकेट". सायकलवाल्यांचं समीकरण "एन अधिक एक", आहेत त्यापेक्षा एक सायकल जास्त हवी. याचा दुसरा भाग कमी लोक सांगतात, "एस वजा एक", म्हणजे घरातलं माणूस सोडून जाईल त्या आकड्यापेक्षा एक कमी.

"क्वीन" लागलं की वापरात नसलेली वस्तू समजा: गॅरेज क्वीन, शेल्फ क्वीन. "डेस्क डायव्हर" म्हणजे 200 मीटर पाण्यात चालणारं घड्याळ घालून दिवसभर खुर्चीत बसणारा. प्रत्येक क्लिकनंतर स्क्रीनवर डोकावणं "चिंपिंग". फोटो 100 टक्के मोठा करून कोपऱ्यातला धूसरपणा शोधणारा "पिक्सेल पीपर", अशा माणसाशी वाद घालू नये. हे शब्द स्वतःबद्दल वापरले तर गंमत, दुसऱ्याबद्दल पहिल्याच भेटीत वापरले तर भांडण.

नवीन माणसाची खेचायची पद्धत कामाच्या सगळ्या जागी आहे. "डावखुरा स्क्रूड्रायव्हर आण", "पट्ट्यापट्ट्यांचा रंग आण" असं पाठवतात. पण इथे एक गोम आहे, डाव्या हाताचं सगळंच थट्टेचं नसतं. डावा ड्रिल बिट खरंच असतो, उलटा फिरतो आणि तुटलेला बोल्ट ड्रिल करता करता कधीकधी बाहेर काढतो. सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. वेल्डिंगमध्ये अॅसिटिलीनच्या जोडणीचे आटे उलटे आणि नटावर खाच, ऑक्सिजनचे सरळ, म्हणजे चुकून अदलाबदल होऊ नये. तेव्हा "डावा बिट आण" ऐकून खेचतायत म्हणून जागेवर बसून राहू नका, "कुठल्या कामाला हवाय?" एवढं विचारा. थट्टा असेल तर समोरचा अडखळतो, खरं असेल तर काम सांगतो.

बोलायचं कधी

ऐकलेला शब्द लगेच तोंडात घ्यायची घाई नको. जिथे शब्द रोज चालतो तिथेच आणि त्याच लोकांत वापरा, एका धंद्यातला दुसऱ्यात नेला की अर्थ सटकतो. साऊंडवाल्याचा "हॉट" (पातळी जास्त असलेला) सिग्नल आणि इलेक्ट्रिशियनची "हॉट" (वीज चालू असलेली) वायर यात जिवाचा फरक आहे. अडलं तर विचारायला प्रत्येक ठिकाणी एखादा जुना खोड असतोच, हॅमवाल्यांनी तर अशा गुरूला नावच ठेवलंय, "एल्मर", 1971 मध्ये त्यांच्या क्यूएसटी मासिकात एल्मर नावाच्या अनुभवी हॅमचा उल्लेख आला तेव्हापासून. त्याला विचारताना "याचा अर्थ काय" असं न विचारता "हे कधी म्हणतात" असं विचारा, तो उदाहरण देतो आणि उदाहरणात अर्थ येतोच.

ब्रँडची नावं जातीचं नाव होऊन बसलीत तिथेही सावध. "हिल्टी आण" म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा कुठल्याही कंपनीचं मशीन चालतं, पण त्याला भोक पाडायचंय की भिंत फोडायचीय ते विचारल्याशिवाय उचलू नका. "डब्ल्यूडी" म्हणजे काही सगळ्यावरचं तेल नव्हे, डब्ल्यूडी-40 हे पाणी हटवणारं द्रव्य आहे, गंजलेला नट सोडवायला छान, पण सायकलच्या चेनला त्याच्या भरवशावर ठेवलंत तर ती थोड्याच दिवसांत कुरकुरायला लागते.

आणि सामान फोनवरून किंवा मेसेजवर मागवताना ही सगळी बोली बाजूला ठेवा, तिथे समोरच्याचा हात दिसत नाही. "तो दहाचा बोल्ट पाठव" ऐवजी सरळ असं टाका: एम 6, लांबी 30 मिमी, डोक्याला 10 चा पाना, पूर्ण आटे, 4 नग. सोबत जुन्या बोल्टचा पट्टीशेजारी ठेवून काढलेला एक फोटो. मग परत फोन आलाच तर तो फक्त "स्टेनलेस की साधा" एवढं विचारायला येतो.